चेटकिणीच्या अंगणातली होळी

आमची शेजारीण चेटकीण आहे हे मला तिनेच सांगितलं. हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या ज्या वसाहतीत आम्ही राहतो तिथे सगळी घरं एका रांगेत, एकाच विटेची आणि एकाच उंचीची आहेत, आणि मागच्या अंगणांच्या मधे छातीइतकं लाकडी कुंपण आहे. त्या कुंपणावर कोपर टेकवून, आपण शाकाहारी आहोत असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली की ती चेटकीण आहे, विक्कन पंथाची, आणि कधी ढोल ऐकू आला तर आम्ही काळजी करू नये. मी पुण्याची. ढोलाची धमकी मला कुणी देऊ नये. मी म्हटलं, खुशाल वाजव.

तिने विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खात्यात नोकरी केली होती आणि आता ती निवृत्त होती. नवरा गेलेला, घरात एक मांजर, तेही पांढरं. ती पुढे बरंच सांगत बसली. जादूटोणा नाही, कुणाचं वाईट चिंतायचं नाही, सूर्य, चंद्र, झाडं, अग्नी, दिशा यांना मानायचं आणि ऋतू बदलला की सण करायचा. एवढ्यासाठी स्वतःला चेटकीण म्हणवून घ्यायची काय गरज, असं मला वाटलं. आमच्याकडे हे सगळं पंचांगात असतं आणि ते भिंतीवर टांगलेलं असतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासरे फाल्गुनात गेले होते, होळीच्या आदल्या आठवड्यात. पुण्यातल्या त्यांच्या सोसायटीत होळी पेटवायचा मान सासऱ्यांचा, सोसायटी बांधली तेव्हापासून. त्या वर्षी सोसायटीने होळी केलीच नाही. आणि तेव्हापासून सासूबाई मागे सरकल्या. म्हणजे खरोखरच मागे. नात्यात लग्न निघालं तर मुहूर्ताच्या वेळी या स्वयंपाकघरात नारळांची राखण करत बसल्या. बारशाला कुणी पाळण्याची दोरी पुढे केली तर यांना एकदम तहान लागली. तुम्ही नको, असं त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी त्याची काय गत केली असती ते मला माहीत आहे, कारण मला राग पटकन येतो आणि तो मी वाया घालवत नाही. पण हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. माणसाने स्वतःच स्वतःवर घातलेल्या बंदीशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दिवाळीत कडेलोट झाला. पुण्यात असताना नरकचतुर्दशीला त्या दरवर्षी मुलाला ओवाळायच्या. यंदा त्यांनी तेल लावलं, उटणं कालवलं, ताम्हनात निरांजन, सुपारी, हळदकुंकू सगळं नीट मांडलं, ताम्हन माझ्या हातात दिलं आणि भांडी घासायला निघून गेल्या. आमच्याकडे भांडी घासायचं मशीन आहे. मी ओवाळलं, पण रागाने. नवरा नंतर म्हणाला की ज्योत त्याच्या भुवयांच्या फार जवळून जात होती.

जानेवारीत त्या परत जाणार होत्या. मला एवढंच हवं होतं की त्याआधी एकदा, कुठल्याही चांगल्या गोष्टीला, त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने सुरुवात करावी. मला ते इतकं हवं होतं की त्यासाठी मी खोटं बोलायला तयार होते, आणि बोलले.

डिसेंबरात शेजारणीने निमंत्रण दिलं. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या रात्रीच्या तोंडावर तिच्या अंगणात सूर्याच्या पुनर्जन्माचा सोहळा होणार होता आणि त्याआधीच्या शनिवारी त्याची हस्तकला. निमंत्रणात सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ आणि आपापला कप आणावा ही सूचना होती. सासूबाईंनी विचारलं, हा सण कसला. खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. सूर्य उत्तरेकडे वळतो, म्हणजे यांची संक्रांतच. पण संक्रांत म्हटलं की हळदीकुंकू, वाण, सवाष्णी, आणि मग त्या खोलीचं दार लावून बसल्या असत्या. म्हणून मी म्हटलं, होळीसारखं असतं, लाकूड सजवतात, पूजा करतात आणि पेटवतात. बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. त्या मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"डिसेंबरात?" त्यांनी विचारलं, आणि पुढची जुडी घेतली.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, मधोमध भूर्जाचा एक ओंडका. ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहायचे तेच हे झाड, असं कळल्यावर सासूबाईंचं मत जरा बरं झालं. मग त्यांनी ओव्हनमध्ये वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या पाहिल्या आणि ते परत बिघडलं. चांगली फळं न खाता सुकवून लाकडाला बांधायची हे त्यांना पटेना. दालचिनीच्या कांड्यांची जुडी बघून तर त्या मला म्हणाल्या की एवढ्यात वर्षाचा गोडा मसाला झाला असता. टेबलाभोवती बाकीचे चेटके-चेटकिणी गोंद लावत बसले होते. हार्लेमची बस चालवणारा एक धिप्पाड गृहस्थ होता, दातांच्या दवाखान्यात दात साफ करून देणारी एक बाई होती आणि आणखी चार-पाच जण होते.

थोड्या वेळाने सासूबाईंनी कापूस मागितला. शेजारणीने चेहरा पुसायच्या गोल चकत्या आणून दिल्या. त्या त्यांनी दोन बोटांत धरून परत केल्या. मग कपाटातून खऱ्या कापसाची गुंडाळी निघाली आणि त्या गेजवस्त्र करायला बसल्या. कापूस ओढून लांब पट्टी करायची, थोड्या थोड्या अंतरावर चिमटीत पिळायची आणि पिळाला ओलं कुंकू लावायचं, की देवाला घालायचं वस्त्र तयार होतं. वाती आणि वस्त्रं करणं हे मागचं काम, ते त्यांना चालायचं. त्यांची बोटं चालू लागली तसा सगळ्यांचा गोंद थांबला. बसवाल्याने करून पाहिलं तर त्याचं बँडेज झालं. त्याला त्यांनी मराठीत, डोळे वटारून, पुन्हा करायला लावलं, आणि तिसऱ्या खेपेला त्याचं जमलं. ओंडक्याला चेटकिणींनी केलेली कापसाची वस्त्रं चढली. कुंकू मात्र तू लाव, असं त्या मला म्हणाल्या.

मग शेजारणीने सगळ्या बायकांना एकेक करून वय विचारलं. इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही. सासूबाई सगळ्यांत मोठ्या निघाल्या आणि टेबलाभोवती एकदम आनंद पसरला. शेजारणीने मला समजावलं की त्यांच्या पंथात म्हातारीला फार मान आहे, हिवाळ्याची ही रात्र तिचीच असते आणि ओंडका तिनेच पेटवायचा असतो. मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला.

"तिला सांग, माझे यजमान गेलेत."

मी सांगितलं. शेजारीण म्हणाली, तिचेही गेलेत. दातवाल्या बाईने विचारलं, म्हणजे काडी यजमानांना लावायची होती का. बसवाला म्हणाला की हे तर उत्तमच झालं, पंथाच्या म्हातारीला नवरा नसलेलाच बरा, तिला वेळ मिळतो. ज्या गोष्टीपायी आमच्या सासूबाई दहा महिने स्वयंपाकघरात लपत होत्या, ती इथे जास्तीची पात्रता ठरली. मी तिन्ही वाक्यांचं भाषांतर केलं. त्यांनी एकेकाकडे नीट पाहून घेतलं.

"ह्यांच्यात सगळं उलटंच असतं का?" त्या हळूच म्हणाल्या. "काडी तू लाव. माझ्या हाताने नको."

मी शेजारणीला सांगितलं की त्या विचार करून सांगतील. हे माझं दुसरं खोटं.

सोहळ्याला प्रत्येकाने सूर्याची आठवण म्हणून काहीतरी गोल आणि पिवळं खायचं आणायचं होतं. गोल, पिवळं आणि होळी. सासूबाईंना यापुढे काही सांगावं लागलं नाही. सोहळ्याच्या दिवशी सकाळपासून घरात डाळ शिजत होती, पुरण वाटलं जात होतं, धुराचा अलार्म दोनदा वाजून गेला. दुपारी त्यांनी पिशवी भरली. पुरणपोळ्या, तूप, नारळ, कापूर, वाती, अक्षता आणि हळदकुंकवाची कुयरी. पाण्याने भरलेला तांब्या त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. तो बिचारा सॉफ्टवेअरवाला, दिवसभर मीटिंगमध्ये बसलेला, तांब्या हिंदकळू न देता शेजारच्या घरी निघाला आणि वाटेत मला म्हणाला की वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याची चर्चा झाली नाही म्हणजे मिळवली.

साडेचार वाजून गेले होते आणि अंधार पडू लागला होता. अंगणात मधोमध लोखंडी कुंड होतं, त्यात वस्त्रं ल्यालेला ओंडका. शेजारणीने पायघोळ हिरवा झगा घातला होता आणि हातातल्या फोनवर ती वारा बघत होती, कारण हवा कोंदट असली तर इथे लाकूड जाळू नये असा सरकारी इशारा निघतो. इशारा नव्हता. चेटकीण असली तरी ती डच होती. बसवाल्याने डोक्यावर हरणाची शिंगं बांधली होती आणि ती कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकल्यामुळे त्याला सोडवण्यात थोडा वेळ गेला.

आधी झाडूने रिंगण झालं. मग चारी दिशांना आवाहन. त्यात उत्तर नेमकी कुठे यावरून दोन फोनच्या होकायंत्रांत मतभेद झाले. सासूबाईंनी मावळतीचा अंदाज घेऊन हात केला आणि उत्तर तिकडे असल्याचं सांगितलं. ईशान्येला हिने कचऱ्याचा डबा ठेवलाय, हेही तिला सांग, असं त्या म्हणाल्या. ते मी सांगितलं नाही. पूर्वेला हाक मारत असताना डोक्यावरून विमान गेलं, सगळे हात वर करून थांबले आणि विमान गेल्यावर पूर्वेला पुन्हा पहिल्यापासून बोलावलं. एकामागून एक विमानं येत होती, त्यामुळे पूर्वेला बराच वेळ लागला.

शेवटी शेजारीण सासूबाईंपुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी काडेपेटी पुढे केली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तू, असं त्या नुसत्या डोळ्यांनी म्हणाल्या. मी हात कोटाच्या खिशात घातले. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि मी ठरवलं होतं की आज ताम्हन माझ्या हातात येणार नाही. शेजारीण जबरदस्ती नाही असं हसून म्हणाली आणि स्वतःच वाकली.

ओंडका पेटेना. गेल्या वर्षीच्या ओंडक्याचा तुकडा जपून ठेवायचा आणि त्याने यंदाचा पेटवायचा अशी त्यांची रीत आहे. तो तुकडा धुमसला आणि विझला. दातवाल्या बाईने फुंकलं. बसवाला गुडघ्यांवर बसला तर त्याची शिंगं ओंडक्यात घुसली. माझ्या नवऱ्याने फोनवर, ओलं लाकूड कसं पेटवावं, याचा व्हिडिओ शोधला. एकाने ढोल वाजवून पाहिला. धूर मात्र मनसोक्त झाला. सासूबाई मागे, शेडला टेकून, पदर नाकाला लावून बघत होत्या. त्यांचा पाय हलत होता. ओट्यापाशी दुसरं कुणी चुकीचं करत असलं की त्यांचा पाय तसा हलतो.

"खाली वाळकं नाही, वारा यायला तोंड नाही," त्या म्हणाल्या. "सोसायटीत ह्यांचंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. मी मागून सांगितलं, तेव्हा पेटली."

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, मग दरवर्षी कोण सांगायचं. मीच, मागून, त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून पुढे गेल्या.

त्यांनी बसवाल्याला बाजूला केलं. ओंडका काढला, शेजारणीच्या शेडमधून फळ्यांचे वाळके तुकडे आणवले, ते रचले, वाऱ्याच्या बाजूला जागा ठेवली आणि वर ओंडका बसवला. तुपात भिजवलेल्या वाती आणि कापूर खाली सरकवला. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि कुयरी काढली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बोट हळदीत बुडालं, मग कुंकवात, ओंडक्याला टेकलं. अक्षता पडल्या. काडी ओढली, ती वाऱ्याने गेली. दुसरी गेली. तिसरी त्यांनी पदराच्या आडोशाने आत नेली आणि कापूर धरला.

होळी पेटली. त्यांनी तांब्यातलं पाणी सोडत कुंडाभोवती चक्कर मारली, त्यांच्यामागून चेटकिणी चालल्या, सगळ्या उजवीकडून, तसं त्यांच्यातही असतं. सासूबाईंनी एक अख्खी पोळी तुपासकट आगीत टाकली तेव्हा बसवाल्याचा चेहरा उतरला. मग सगळे हात धरून उभे राहिले आणि डोळे मिटून हळू आवाजात गुणगुणू लागले. सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली.

"बोंब कधी मारायची?"

मी म्हटलं, यांच्यात बोंब नसते. "होळी म्हणालीस ना?"

आता मला पळायला वाट नव्हती. मी घसा साफ केला आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं की आमच्या रीतीप्रमाणे आग पेटली की पालथा हात तोंडावर मारत मोठ्याने ओरडावं लागतं. कुठल्या देवतेसाठी, असं शेजारणीने विचारलं. कुठल्याच नाही, मी म्हटलं, वर्षभराचं साठलेलं असतं ते बाहेर काढायला. त्यांना ते तात्काळ पटलं. बसवाल्याने फक्त हात सुलटा की पालथा हे पुन्हा विचारून घेतलं.

हूफडॉर्पच्या त्या शांत वसाहतीत, जिथे कुत्रीसुद्धा वेळ बघून भुंकतात, आम्ही सगळ्यांनी बोंब ठोकली. चेटकिणी जीव तोडून ओरडत होत्या. शिंगवाल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. पण सासूबाईंनी तोंडावर हात मारला आणि जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलेला नव्हता. सासरे गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आलेल्या माणसांना पाणी विचारत होत्या, चपला नीट लावत होत्या. आता एकेक जण दमून थांबला तरी त्या थांबेनात. माझा नवरा फोन बघत उभा होता. ग्रुपवर भराभर मेसेज येत होते. त्याने फोन खिशात टाकला, आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि पालथा हात तोंडावर मारायला लागला. मला रडू कोसळलं. मी ते धुरावर ढकललं, पण धूर तेव्हा उलट्या बाजूला जात होता.

तेवढ्यात मागचं फाटक उघडलं आणि समोरच्या रांगेतले एक गृहस्थ घरातल्या सपातांवर धावत आत आले. त्यांच्या पाठीवर हृदयाला झटका द्यायच्या यंत्राची पिशवी होती. वसाहतीत कुणाचं हृदय बंद पडलं तर ते यंत्र घेऊन धावायचं काम त्यांनी स्वखुशीने घेतलेलं आहे. पेशंट कोण, त्यांनी विचारलं. आम्ही सगळे तोंडावर हात धरून उभे होतो. शेजारीण शांतपणे म्हणाली की पेशंट कुणी नाही, आज सूर्य परत येतोय. आलोच आहे तर, असं म्हणून त्यांनी सासूबाईंची नाडी बघितली. ती ठणठणीत होती. हे डॉक्टर आहेत का, सासूबाईंनी विचारलं, आणि नाहीत म्हटल्यावरही त्यांना गुडघा दाखवला. मग त्यांच्या हातात तूप सोडलेली पोळी दिली. ते यंत्र पायाशी ठेवून कुंडाशेजारी बसले आणि त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली.

निमंत्रणात लिहिलेल्या वेळेला सोहळा संपला. सगळ्यांनी आपापले कप विसळले आणि गेले. घरी आल्यावर सासूबाईंनी तांब्या घासून पालथा घातला आणि लाकूड फार ओलं होतं, एवढंच म्हणाल्या. मी माझं खोटं कबूल करणार होते, पण त्या पदराने तोंड पुसत होत्या आणि त्यांचा आवाज बसला होता, म्हणून राहू दिलं.

जानेवारीत त्या निघाल्या तेव्हा शेजारणीने त्या ओंडक्याचा जळका तुकडा वर्तमानपत्रात बांधून दिला, पुढच्या वर्षीचा पेटवायला. सामान कसं बांधलं म्हणजे हरवत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. सासूबाईंनी तो हातातल्या पर्समध्ये ठेवला आणि विमानतळावर एकदाही पर्स खाली ठेवली नाही.

फाल्गुनात होळीच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागून बोंबांचा गलका ऐकू येत होता. त्यांच्या सोसायटीत काडी कुणी लावायची यावरून दुपारपासून पुरुषांचा वाद चालला होता. सेक्रेटरींचं नाव निघालं, मग एका बिल्डरच्या जावयाचं. सासूबाई वरून हे ऐकत होत्या. मग तो जळका तुकडा घेऊन त्या खाली उतरल्या.

"मी विचारलं, इथे बायकांमध्ये सगळ्यांत म्हातारी कोण? कुणी बोलेना. म्हटलं, मग काडी इकडे द्या."

मी विचारलं, कुणी काही म्हणालं का. सेक्रेटरी म्हणाले होते की असं आपल्यात नसतं. मग सासूबाईंनी त्यांना सांगितलं की जगात सगळीकडे असंच असतं, त्या स्वतः हॉलंडला लावून आल्या आहेत.

नवरा शेजारून खुणेने फोन मागत होता, मी तो दिला नाही. पलीकडे कुणीतरी त्यांना नारळ कुठे ठेवायचा ते विचारत होतं आणि त्या त्याला सांगत होत्या. मग परत फोनवर आल्या.

"त्या चेटकिणीला सांग," त्या म्हणाल्या, "आमची एका काडीत पेटली."